तीस फुटांच्या रेंजचा रिमोट

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्या नागपूरच्या घरात बुद्धवंदना व्हायची, पण कुणी अंगात येण्याच्या, नजर लागण्याच्या गोष्टी काढल्या की बाबा चपला घालून सरळ बाहेर पडायचे. त्यामुळे हे लिहितानाही जरा कसंतरीच होतंय...

१९९७ साल. मी आणि माझा नवरा मिलिंद टेक्ससमध्ये, प्लेनोला राहायचो. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. अठ्ठावीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, आणि इथे दिवसभर घरात! एकदा आम्ही ऑफिसला असताना त्यांनी घरातली दुसरी गाडी काढली, कॉलनीत चक्कर मारून आले. मी फार बोलले. "लायसन्स नाही, इन्शुरन्स नाही... कुणाला लागलं असतं तर, बाबा?" किल्ली लपवून ठेवली.

त्याच शनिवारी मॉलमध्ये पंजाएवढी रिमोटची गाडी दिसली, ती त्यांच्यासाठी घेतली. घरी आल्यावर कळलं, आपण काय करून बसलो ते. बाबा मात्र महिनाभर गराजमध्ये तीच चालवत राहिले. खेळणं झकास होतं, जागच्या जागी वळायचं. पण सेल दहा मिनिटांत खलास, आणि तीस फुटांपलीकडे रिमोट चालायचा नाही. वॉशिंग मशीन आणि भिंतीमधल्या वीतभर फटीत बाबा ती रिव्हर्सने लावायचे. थोडी मागे, थांबून डावीकडे, मग सरळ आत.

एक दिवस म्हणाले, "करमत नाही." आणि तीन महिने आधीच परत गेले. रिमोट चुकून त्यांच्या बॅगेत गेला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी मशीनमधून कपडे काढत होते. मागे घरघर झाली. वळून पाहिलं — गाडी हलत होती! थोडी मागे आली. थांबली. डावीकडे वळली... आणि माझ्या पायाजवळून सरळ त्या फटीत.

मी किंचाळले. मिलिंद धावत आला. "यार, शेजारी कुणाकडे सेम फ्रिक्वेन्सीचा रिमोट असेल." दोन्हीकडे विचारून आलो. कुणाकडेच नव्हता. मग त्याने गाडी उलटी केली. "स्विच ऑन आहे. पाच आठवडे? सेल कधीच मरायला हवे होते..."

मला भलतीसलती शंका यायला लागली. बाबांना काही झालं तर नसेल? नागपूरला फोन लावताना कॉलिंग कार्डचा नंबर दोनदा चुकला. फोन बाबांनीच उचलला. आवाज ठणठणीत!

"काय करताय?"

"तुझा रिमोट परत पाठवायचा होता ना, सेल टाकून बघत होतो आत्ता. लाल दिवा लागतो बेटा."

"बटणं दाबलीत?"

"दाबली, नेहमीसारखी. का गं?"

मी सगळं सांगितलं. तसे बाबा चिडले. "शिकलेली आहेस ना तू? जन्मभर मी याच्याविरुद्ध भांडलो!"

तरी फोन चालू ठेवून आम्ही पुन्हा करून पाहिलं. मिलिंदने नवे सेलसुद्धा घातले. गाडी जागची हलली नाही. पुढे त्याने कितीतरी इंजिनिअर मित्रांना विचारलं, सगळे हसले. त्या घरात असेपर्यंत गराजमध्ये भिंतीला पाठ लावूनच मशीनमधले कपडे काढायचे मी.

पण त्या दिवशी फोन ठेवता ठेवता बाबांनी आवाज एकदम खाली केला.

"कुठे घासली तर नाही ना?"

"नाही बाबा. बरोबर लागली."

"हं," म्हणाले, आणि फोन ठेवला.