बोल्टांचा टब

म्हाताऱ्याला अख्खी गल्ली 'अंगठेबहाद्दर' म्हणायची. तसा अक्षरशत्रू नव्हता तो. डोळे जाईपर्यंत वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. पण चाकाचा बोल्ट हाती आला की बघायचा नाही, आट्यांवरून नुसता अंगठा फिरवायचा आणि निकाल द्यायचा. "हा अलॉयचा. हा स्टेपनीचा." चुकला असं कुणाला आठवत नाही. जीभ मात्र अशी, की गिऱ्हाईकसुद्धा चार हात लांब उभं राहायचं.

त्याचं म्हणणं खरंच होतं. अलॉयचं चाक जाड, त्याला लांब बोल्ट. डिकीतली स्टेपनी लोखंडी, पातळ, तिला आखूड. लांब बोल्ट स्टेपनीला पिळले तर टोकं पलीकडे निघून ब्रेकला घासतात. आखूड बोल्ट अलॉयला लावले तर अख्खं चाक दोन-चार आट्यांच्या भरवशावर. म्हणून अलॉय बसवलेल्या गाडीत स्टेपनीच्या बोल्टांची वेगळी पिशवी हवीच. "पिशवी नसली की माणूस जातो," असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा जरा खुलायचा.

डोळे गेले तेव्हा मुलाने त्याचं टायरचं दुकान हातात घेतलं. सुनेने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, दिवसभर हे घरात पायात पायात नकोत. मग मुलाने दुकानात मागे, टायरच्या ढिगाआड एक स्टूल टाकलं आणि पुढ्यात बोल्टांनी भरलेला प्लास्टिकचा टब ठेवला.

"बाबा, सगळे एकत्र झालेत. निवडून पिशव्या भरा. तुमच्याशिवाय कुणाला जमणार हे?"

म्हातारा हरखला. घरी जेवताना सांगू लागला, आज अमुक इतक्या गाड्या मार्गी लावल्या. सून ताटं उचलायला लागायची. पण त्याला झोप गाढ लागायची, आपण नसलो तर रस्त्यावर माणसं मरतील या समाधानात.

एके दिवशी त्याच्या हाताला टोकाशी आटे चिरडलेला एक बोल्ट लागला. त्याने मुलाला हाक मारून तो दिला. "भंगारात टाक. गाडीत गेला तर घात होईल."

"टाकतो," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच बोल्ट पुन्हा अंगठ्याखाली आला. म्हाताऱ्याने तो परत परत चाचपला. मग बाकीचेही सावकाश चाचपले. सगळे ओळखीचे निघाले. भराभर निवडायच्या ऐटीत इतके दिवस त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

बोल्ट मुठीत धरून, भिंत चाचपत तो पुढे आला. पुढे एक गिऱ्हाईक उभं होतं.

"माझ्या पिशव्या कुठे जातात रे?"

मुलगा जॅक लावत होता. उठलाही नाही. "कुठे जाणार? संध्याकाळी परत टबात ओततो. हल्ली चाकांबरोबर बोल्ट खोक्यातूनच येतात, बाबा. तुम्हाला विचारतंय कोण?"

गिऱ्हाईक हसलं. "भारी युक्ती काढलीत हो!"

"युक्ती यांचीच," मुलगा म्हणाला. "शाळेतून आलो की मला हेच करायला बसवायचे. एक चुकला की सगळे परत ओतायचे."

खोटं नव्हतं ते. त्या पोराची बोटं सुजायची आणि हा बाप गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा. पेरलं तेच उगवलं, असं म्हणून आपण हात झटकू शकतो. पण उगवलेलं बघवत नव्हतं. म्हातारा मुठीतल्या बोल्टासकट भिंत चाचपत मागे स्टुलाकडे वळला. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं, आणि तेही परक्या माणसासमोर काढून घेतलं गेलं.

दुसऱ्या सकाळी "मी घरीच बसतो" असं त्याने म्हणून पाहिलं. सुनेने काठी हातात दिली. "इथे बसून काय करणार? तिथे निदान हात तरी चालतात."

तो गेला. बराच वेळ टबाला शिवला नाही. मग करणार काय? लांब इकडे, आखूड तिकडे, पुन्हा सुरू झाला. एकही चुकला नाही. शटर ओढायची वेळ झाली तेव्हा त्याने भरलेल्या पिशव्या एकेक करून उलट्या केल्या आणि सगळे बोल्ट स्वतःच टबात ओतले.

"तेवढाच तुझा त्रास वाचला," तो म्हणाला.

मुलगा मोबाइलमध्ये होता. "खाली सांडलेत बघा दोन," त्याने सांगितलं, आणि म्हातारा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागला.