पॉलिश बुटांना लावा

शाळेत सगळे त्यांना ढोलबाई म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. शिकवायच्या संगीत, पण जीव सगळा ढोलात. त्यांनी चौथीच्या पोरांना आफ्रिकेतल्या गोष्टींचं असं काही वेड लावलं, की चित्रकलेच्या तासाला पोरं डोंगर आणि सूर्य सोडून नायजेरियातलं लबाड कासवच काढत बसायची. गोष्टीत मध्येच गाणं यायचं, गाण्याला अख्खा वर्ग बाक बडवून ठेका धरायचा. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर कपाळाला हात लावायचे.

वार्षिक कार्यक्रमात हीच कासवाची गोष्ट करायची ठरली. मागे मुलांनी रंगवलेले चादरीएवढे कागद, बाजूला ढोल, आणि गोष्ट सांगायला शिंप्याची मुलगी. आवाज खणखणीत, रंग काळा.

पडदा उघडायच्या बेतात असताना शाळेचे अध्यक्ष आत आले. मागून शिपाई, त्याच्या हातात बुटाच्या पॉलिशच्या डब्या.

"फासा सगळ्यांच्या तोंडाला. आफ्रिका वाटली पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. मग शिंप्याच्या मुलीकडे बघून हसले. "हिचं काम देवानेच केलंय."

दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. मुलगी पडद्याआड सरकली. "बाई, मी नाही जात."

ढोलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी सख्खी आत्या त्यांना 'डांबर' म्हणायची आणि घरदार हसायचं. तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या. आता गप्प बसायची हौस पार फिटली होती.

"साहेब, पॉलिश बुटांना लावा. माझी मुलं आपापल्या तोंडानेच गोष्ट सांगतील."

"बाई, तुमची नेमणूक दरवर्षी माझ्या सहीने होते."

"नका करू सही. पण आज कुणाच्या तोंडाला बोट लागणार नाही."

अध्यक्ष तणतणत बाहेर गेले. ढोलबाई मुलीजवळ बसल्या. "मलाही असंच म्हणायचे. रडायचं तर रड. पण गोष्ट तुझी आहे, तू नाही तर आम्ही कुणीच नाही."

मुलीने नाक पुसलं आणि उठली.

पडदा उघडला. तिकडे आफ्रिकेत गोष्ट सांगणारा आधी हाक देतो, ऐकणाऱ्यांनी ओ दिली की मगच गोष्ट सुरू होते. मुलीने हाक दिली, "गोष्ट सांगू का?" सगळं सभागृह "सांग" म्हणालं. पहिल्या रांगेत अध्यक्ष तेवढे हाताची घडी घालून बसले होते.

मुलगी पुढे बोलेना. पोर घाबरली की काय, म्हणून ढोलबाई पुढे सरसावल्या. पण ती पायऱ्या उतरली आणि थेट अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही ओ दिली नाहीत. सांगू का?"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. अध्यक्ष इकडेतिकडे बघू लागले, मग पुटपुटले, "सांग."

"ऐकू नाही आलं."

"सांग," अध्यक्ष मोठ्याने म्हणाले. मग कुठे ढोलावर थाप पडली.

पुढच्या वर्षी नेमणूक झाली नाही ती नाहीच. कुणी हळहळलं की ढोलबाई म्हणतात, "गेली तर गेली. पोरीने ओ तर द्यायला लावली."