दादाची छाती आणि माझा तक्ता

माझ्या मोठ्या भावाची छाती साधी सत्त्याहत्तर सेंटीमीटर आहे आणि श्वास भरला की ब्याऐंशी होते. हे मी आईच्या शिवणकामाच्या टेपने सतरा वेळा मोजलेलं आहे. सैन्यभरतीसाठी छाती किमान पाच सेंटीमीटर फुगावी लागते. म्हणजे दादाकडे लागेल ते सगळं होतं. फक्त शिकलेली बहीण नको होती!

दादा माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. बारावी झाल्यावर "एकाला तरी कॉलेजात जाऊ दे, हिचं डोकं चालतं," असं स्वतःच म्हणून तो भिवंडीच्या गोदामात खोकी उचलायला लागला. मी बी.एस्सी.ला गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गॅसच्या फॉर्मपासून बाबांच्या गुडघेदुखीपर्यंत सगळ्याचा शेवटचा निर्णय माझ्याकडे येतो. (मला यातलं काही कळत नाही, हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.)

दादा कामावर जाण्याआधी रोज पहाटे पळायचा. वयाच्या अटीमुळे यंदाची भरती ही त्याची शेवटची संधी होती. महिनाभर आधी तो माझ्यासमोर येऊन बसला.

"ऐक ना, पळून पळून पाय जाम होतात. पहाटे पळायला येणारी पोरं प्रोटीन-प्रोटीन करतात. तुमच्या पुस्तकात असेल ना काहीतरी?"

होतं! आम्हाला पोषणाचा एक पेपर होता. मी लायब्ररीतून पुस्तक आणलं, रात्रभर जागून तक्ता उतरवून घेतला आणि सकाळी जाहीर केलं, "दादा, तुला दिवसाला शंभर ग्रॅम प्रोटीन लागणार."

"बापरे! ते कुठून आणायचं?" आईने विचारलं.

प्रश्न बरोबर होता, कारण नेमका श्रावण लागला होता. आमच्याकडे श्रावणात अंड्याचं टरफलसुद्धा घरात येत नाही. राहिलं काय, तर डाळ, दूध आणि चणे. तक्त्यात लिहिलं होतं, शंभर ग्रॅम चण्यात नऊ ग्रॅम प्रोटीन. डाळ आणि दुधाचं वजा करून मी गणित मांडलं. उत्तर आलं, रोज अर्धा किलो चणे.

अर्धा किलो ऐकून मलाही जरा कसंसंच झालं होतं, खोटं कशाला बोलू. पण पुस्तक छापील होतं!

बाबा विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर भाजी विकतात. त्यांचा काटा घरीच असतो. त्यावर मी कोरडे चणे ग्रॅमपर्यंत मोजून भिजत घालायला लागले. सकाळी बघावं तर चणे पातेल्याचं झाकण उचलून बाहेर बघत असायचे. एका पातेल्याची दोन झाली, दोनाची तीन.

"अगं, पोरगा आहे की घोडा?" आई ओरडली. "आणि माझं दुधाचं पातेलं कुठाय?"

"त्यात उद्याचे भिजलेत."

"मग दूध काय ओंजळीत तापवू?"

दादा मात्र एका शब्दाने कुरकुरला नाही. अर्धा किलो चणे भिजून, उकडून एक किलोच्या वर जातात. ते चावायला त्याला पाऊण तास लागायचा. पहिल्या आठवड्यात पायांच्या आधी त्याचा जबडा दुखायला लागला. दुसऱ्या आठवड्यात बाबांनी अंथरूण उचललं आणि बाहेर गॅलरीत टाकलं. "आत गरम होतंय," एवढंच म्हणाले. बाबा सज्जन आहेत. (पंखा आत होता आणि गॅलरीत डास होते.)

शेवटी खालच्या मजल्यावरचे मोरे काका आले. काका सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत.

"पोरी, भरतीच्या दिवशी पोट हलकं ठेव त्याचं. वरणभात, केळं, बास."

"काका, आता शास्त्र पुढे गेलंय," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की मी आजही उशीत तोंड खुपसते.

"असं? जाऊ दे," काका म्हणाले. "मी आपला सतरा वर्षं नुसताच पळालो."

भरतीचा दिवस आला. मैदान ठाण्याच्या बाजूला होतं. पुस्तकात आणखी एक नियम होता: व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन घ्यावे. आत किती वेळ लागेल याची खात्री नव्हती, म्हणून मी अख्ख्या दिवसाचे चणे तीन पुडांच्या डब्यात भरले आणि कागदपत्रांच्या पिशवीत ठेवले.

"धावणं झालं की अर्ध्या तासात खायचं. विसरू नकोस."

"नाही विसरणार," दादा म्हणाला.

किती खायचं, ते सांगायचं मी विसरले.

बाबा आणि मी गेटबाहेर झाडाखाली उभे राहिलो. पुढचं सगळं दादाने नंतर सांगितलं. धावण्यात तो त्याच्या गटात चौथा आला! लांब उडी झाली, पुलअप्स झाले. मग सगळ्यांना रांगेत बसवलं. दादाने घड्याळ पाहिलं, अर्धा तास भरत आला होता. त्याने डबा उघडला आणि आज्ञाधारकपणे दोन पुडं आणि तिसऱ्यातलं निम्मं संपवलं. महिनाभराच्या सरावाने आता जबडाही तयार होता. तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला.

टेप घेतलेल्या साहेबांनी छातीभोवती टेप गुंडाळला. साधी सत्त्याहत्तर. ठीक.

"साँस भर!"

दादाने श्वास ओढला. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी... आणि एवढा मोठा ढेकर आला की मागची रांग हसायला लागली. टेप पुन्हा सत्त्याहत्तरवर.

"फिरसे!"

पुन्हा ऐंशी, एक्क्याऐंशी... पुन्हा ढेकर!

"क्या खाके आया है तू?"

"चने, सर."

"कितने?"

दादाने खरं ते सांगितलं. साहेबांनी टेप खाली केला.

"किसने बोला था खाने को?"

"बहन ने, सर. कॉलेज में है."

साहेबांनी तिसरी संधी दिली, ही त्यांची मेहेरबानी. पण पोटच एवढं वर आलं होतं की छातीला जागाच उरली नव्हती. एक्क्याऐंशी.

तो गेटमधून बाहेर आला तेव्हा बाबांनी फक्त त्याच्या हातातली पिशवी घेतली. त्याचा चेहरा पाहून विचारायची गरजच राहिली नव्हती.

कल्याणच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. मी वही काढून तक्ता पुन्हा पाहायला लागले. कुठे चुकलं, ते तरी कळावं. अगदी तळाला, घाईत मीच बारीक अक्षरात उतरवलेली एक ओळ होती: 'सर्व आकडे शिजवलेल्या पदार्थांचे.'

आणि मी महिनाभर सगळं कोरडं मोजत होते. चणे कोरडे, डाळही कोरडी!

मला रडू फुटलं. "दादा, माझं चुकलं रे. मी तुला अडीच पट खायला घातलं. तुझी भरती माझ्यामुळे गेली."

पुढच्या सीटवर बाबा एकदम खोकले. घोडबंदरला जाणाऱ्या गाड्या मागे पडल्या, खाडीचा पूल गेला. मग दादाने माझ्या हातातली वही बंद केली.

"रडू नको गं. तू काय मुद्दाम केलंस?" आणि मग, अगदी मनापासून, "पण मग आजचं प्रोटीन तरी पूर्ण झालं ना?"

मी डोळे पुसले आणि मनातल्या मनात हिशेब केला.

"दादा, परवा सकाळपर्यंतचं झालंय."

त्या अख्ख्या महिन्यात मी बरोबर सोडवलेलं ते एकमेव गणित!