जाऊबाईंचं नवं खातं

माझ्या धाकट्या जावेशी माझं कधीच भांडण झालेलं नाही. झालं असतं तर निदान मोकळं तरी वाटलं असतं. मी आपली आतल्या आत जळत राहिले. विक्रोळीची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, दोन्ही भावांच्या खोल्यांना घरं मिळाली आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा वरचा मजला नेमका तिच्या वाट्याला आला. तिच्या खिडकीतून तिवरं आणि त्यामागची खाडी दिसते. माझ्या खिडकीतून समोरच्यांचं बाथरूम दिसतं.

तिच्या मसाल्याचंही तसंच. मे महिन्यात आम्ही दोघी एकाच गच्चीवर मिरच्या वाळवतो, पण डंकावर कुटायला नेताना तिची पिशवी वेगळी असते. लग्न होऊन ती नवीनच आली होती, तेव्हा एकदा मी तिला प्रमाण विचारलं. "अंदाजानेच घालते हो ताई," म्हणून हसली. मी काय समजायचं ते समजले आणि पुन्हा विचारलं नाही. सासूबाई आजही तिच्या हातचं बांगड्याचं कालवण असलं की बोटं चाटत बसतात आणि माझं असलं की पाणी मागतात.

त्यात तिने ते मोबाईलवरच्या कॉइनचं, क्रिप्टोचं प्रकरण सुरू केलं. ती घरी शिकवण्या घेते. त्यातले थोडे थोडे पैसे ती त्या कॉइनमध्ये घालत गेली आणि ते वाढत गेले. गणपतीत सगळे जमले असताना म्हणाली, "मुलुंडला मोठं घर बघतोय आम्ही. आता जमेल असं वाटतंय." मी तेव्हा मोदक वळत होते. माझ्या हातातला मोदक तिथेच फुटला.

चार दिवसांनी मीही त्या कॉइनवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरले. सगळी मराठी माणसं, पण हजारोंनी. शिकवलं मला तिनेच, तिच्या त्या खिडकीपाशी बसवून. पैसे ठेवायचं वॉलेट, ते उघडायला बारा शब्द, आणि ते शब्द ज्याच्या हाती लागतील त्याचे पैसे. "ताई, हे शब्द कुणालाही द्यायचे नाहीत. ॲडमिनने मागितले तरी नाही," असं तिने मला दोनदा बजावलं. ग्रुपच्या वरही तेच लिहिलेलं होतं. मी शब्द कागदावर उतरवले, कागद कपाटात साड्यांखाली ठेवला आणि माझे साठवलेले पैसे त्यात घातले. ती इतकं नीट शिकवते, याचाही मला त्या दिवशी राग आला होता.

ग्रुपमध्येही तिचंच कौतुक. कुणी नवीन माणूस अडला की ही समजावणार, मग लोक हात जोडल्याची चित्रं टाकणार. एक दिवस मला राहवेना. मी सगळ्यांदेखत लिहिलं, "आमच्या जाऊबाईंनाच विचारा. घरात काय, बाहेर काय, सगळं त्यांनाच येतं." तिने हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, "ताई, तुमच्याकडूनच तर शिकले." टोमणा चारचौघांत मारायचा, ही आमच्याकडची जुनी सवय. चाळीत ते चारचौघे ओळखीचे असायचे. इथे कोण कोण वाचत असेल, हा विचार मला सुचलाच नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी मला मेसेज आला. फोटो तिचाच, निळ्या पैठणीतला, ज्यात ती माझ्यापेक्षा बरी दिसते तो. "ताई, मी तुमची जाऊ. जुनं खातं बंद पडलं, हे नवं. एक खास स्कीम आलीय, फक्त आपल्या दोघींसाठी. दुप्पट मिळतील. तुमचे बारा शब्द पाठवा, मी लावते तुमच्या वतीने."

खोटं कशाला बोलू, मला हाव सुटली. माझंही मुलुंडला घर, तिच्या एक मजला वर, इथपर्यंत मी मनात पोचले. कपाट उघडून कागद काढलासुद्धा. मग पुन्हा वाचलं, "फक्त आपल्या दोघींसाठी." मसाल्याचं प्रमाण न सांगणारी बाई मला पैसे दुप्पट करून देणार? शक्यच नाही. ही ती नव्हेच. ग्रुपच्या वर लिहिलेला नियम मला त्या वेळी आठवलाही नव्हता.

मी इतकी खूश झाले की लिफ्टची वाटही बघवेना. आज पहिल्यांदा मी तिला काहीतरी शिकवणार होते. "जरा जपून हं, तुझ्या नावाने चोर फिरतायत," हे कुठल्या सुरात म्हणायचं तेही ठरवत वर गेले.

दार उघडंच होतं. मला बघताच ती म्हणाली, "या ना ताई. झालं का काम?"

"कसलं काम?"

तिने मोबाईल पुढे केला. त्यावर माझा फोटो होता, माझं नाव होतं. "मी तुझी जाऊ बोलतेय. माझं वॉलेट अडकलंय. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. तुझे बारा शब्द दे, त्यातून माझे पैसे सोडवून घेते." आणि खाली तिने पाठवलेले बारा शब्द.

"हे मी कुठे पाठवलं?" मी म्हटलं. "तुम्ही नव्हतात?" असं विचारतानाच तिने वॉलेट उघडलं. आत काही उरलं नव्हतं.

मग सायबर चोरीच्या हेल्पलाइनला फोन झाला, तक्रार झाली. पलीकडच्या माणसाने सगळं शांतपणे विचारून घेतलं, आश्वासन कसलंच दिलं नाही. ग्रुपच्या ॲडमिनने आमच्या नावांची ती दोन्ही खोटी खाती काढून टाकली. आम्ही जावा आहोत, ती मला ताई म्हणते, हे सगळं त्या चोराला माझ्याच टोमण्यामुळे कळलं होतं. मुलुंडचं घर राहूनच गेलं. कित्येक महिने मला हेच तर हवं होतं.

मी तिच्यावरच ओरडले. "अगं, तूच शिकवलंस ना मला, शब्द कुणाला द्यायचे नाहीत म्हणून! एक फोन करायचास. खालीच तर राहते मी!"

तिने पदराने डोळे पुसले. "तुम्ही माझ्याकडे कधी काही मागत नाही ना ताई. एकदा तो मसाला विचारलात, तर मला खरंच प्रमाण सांगता येईना, आणि तुम्ही पुन्हा म्हणून विचारलं नाहीत. म्हटलं, आज मागितलंय तर लगेच द्यावं. फोन केला असता तर तुम्हाला वाटलं असतं, हिचा विश्वास नाही."

मी तिच्या खिडकीपाशी जाऊन खाडीकडे बघत उभी राहिले. तिच्या नावाने माझ्याकडे मागितलं, तेव्हा मी कागद परत साड्यांखाली ठेवला. माझ्या नावाने तिच्याकडे मागितलं, तेव्हा तिने देऊन टाकलं. माझे पैसे अजून आहेत. तिचा हेवाही अजून वाटतो, आता तर जास्तच.