टेकाडाचं पोट

लढाईत खेचरं हाकायला गेलेला माझा मामा पायाची दोन बोटं बर्फात गमावून परंड्याजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा मी निजामाविरुद्धच्या पत्रकांवर वाढत होते. सोलापूरहून भाकरीच्या फडक्यात दडून येणारी ती पत्रकं मला तोंडपाठ होती.

उन्हाळा सरत आला होता. पावसाआधी माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर, पांढरी माती चढवली नाही तर घर गळतं. ती माती गावाबाहेरच्या टेकाडाची. वरचा थर टणक, म्हणून बायका वर्षानुवर्षं खालून, पोटातच कोरत आलेल्या. त्या वर्षी पाटलानं दवंडी पिटवली, खाणीत कुणी उतरायचं नाही. मला एवढंच हवं होतं. निजामाच्या माणसाचा हुकूम मोडायचाच, असं सांगत मी घरोघर फिरले. माझ्यासकट आठ बायका निघाल्या. सगळ्यांत पुढं माझी वहिनी. मागच्या पावसात गळक्या घरात तिचं तान्हं मरता मरता वाचलं होतं.

मामानं टेकाडाच्या कडेवर काठी आपटून पाहिली. "लई पोकळ वाजतंय. बर्फ असाच वाजायचा. जुन्या कडक थरावर वारा नवा थर आणून टाकतो. वरून पक्कं दिसतं, आत कशाला धरलेलंच नसतं. ऊन चढलं, एकानं पाय दिला, की आख्खा उतार निघतो. आमची दोन माणसं अन् चार खेचरं गेली. हाक मारायला सवड न्हाय."

"मामा, तुम्ही पाटलाची बाजू घेता?"

"पाटील खोटा हाय, व्हय. टेकाडाला त्याचं काय?"

"तुमचं बर्फ तिकडंच ठेवा," एक बाई हसली, "हितं डोस्कं भाजायलंय."

मी हटेना. शेवटी मामा म्हणाला, "मग आत एका टायमाला एकच. बाकीच्यांनी लांबून तिच्यावर नजर ठेवायची. आमी बर्फ असाच वलांडायचो."

मला तो भेकडपणा वाटला. सगळ्यांनी मिळून उतरायचं, तीच तर एकजूट! पण वहिनी म्हणाली, "ऐका की, वन्सं."

तिसरी पाळी तिची होती. मी उन्हात चरफडत उभी. एकेक पाटी, असा दिवस जाणार! तेवढ्यात ढप्प आवाज झाला, कड खाली बसली. पांढरा धुरळा. वहिनी दिसेना.

"शेवटाला कुठं दिसली?" मामा ओरडला.

आम्हा सगळ्यांची बोटं एकाच जागेकडं गेली. हातांनी, पाट्यांनी उकरलं. आधी लुगड्याचा काठ लागला, मग केस. तोंड मोकळं केलं तशी ती खोकली. आठीजणी आत असतो तर उकरायला कोण उरलं असतं?

ती बोलू लागली तेव्हा पहिलं वाक्य मलाच. "वन्सं, उद्याची पाटी तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं पोट कोरलेलं नव्हतं, तिथं वर चढून कुदळ मारू लागले. टणक थर फुटेना, हाताला फोड आले. पाटलाचा माणूस येऊन दरडावून गेला, मी थांबले नाही. पण दर घावाला पायाखालचा आवाज ऐकत होते. मामा लांब उभा होता, माझ्यावर नजर ठेवून.