पाणी सोडण्याची सूचना

नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी नोकरी करते. धरणातून नदीत पाणी सोडायचं ठरलं की काठच्या गावांना कळवायचं, हे माझं काम. त्याच नदीच्या पात्रात, मौद्याच्या अलीकडे, माझ्या बाबांची टरबुजाची वाडी होती. उन्हाळ्यात वाळू उघडी पडली की आमच्याकडचे लोक तिच्यात टरबूज, काकडी लावतात आणि राखणीला तिथेच झोपडी घालून राहतात.

पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा. मग कार्यालयानं एका बड्या कंपनीच्या सोशल मीडियावर खातं उघडलं आणि दवंडी बंद झाली. गावातली पोरं फोनवर सूचना वाचून पात्रात हाळी द्यायची. चाललं होतं बरं.

सरकारी रीत अशी, की दर गावाची सूचना वेगळी. मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदलायचं. नाहीतर लोक म्हणतात, हे आपल्यासाठी नाहीच. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी अशाच एकामागून एक सूचना टाकत होते. कंपनीच्या यंत्राला वाटलं, कोणी भामटा एकच जाहिरात पुन्हा पुन्हा टाकतोय. त्यानं खात्याला कुलूपच घातलं. आमच्या गावाची सूचना राहिलीच.

अरे बाप्पा, काय धावपळ केली मी! बाबांचा फोन घरी चार्जिंगला, आई लग्नाला गेलेली. कोतवालाला फोन केला, तर तो दुसऱ्या गावी. गेट तर उघडून झालं होतं. कोतवाल पोचला तेव्हा पाणी पात्रात शिरलेलं होतं. बाकीचे वर आले. बाबा पंप काढायला मागे फिरले, ते आलेच नाहीत.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं तेही यंत्राचंच, की तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आग लागो त्या महत्त्वाला!

यंदा कार्यालय सोशल मीडियाच्या दुसऱ्या एका जाळ्यावर गेलं. त्याला कोणी एक मालक नाही. ज्याचा त्याचा सर्व्हर, आणि ते सगळे एकमेकांशी जोडलेले. आमचा आमच्याच इमारतीत आहे, बाहेरचं कोणी त्याला कुलूप घालू शकत नाही. वाचायला खातंही लागत नाही. साहेब कौतुकानं हे समजावत होते, तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "बैल गेला अन् झोपा केला." त्यावर सूचना टाकायचं काम मात्र मी मागून घेतलं. आईच्या फोनवर आमच्या सूचनांचं पान लावून दिलं आणि कोतवालालाही पुन्हा दवंडीच्या कामाला लावायला सांगितलं.

परवा पाणी सोडायचं ठरलं. मी सगळ्या गावांच्या सूचना टाकल्या, एकही अडली नाही. थोड्या वेळानं आईचा फोन आला. तिला धाप लागली होती.

"वाचलं वं म्या. नदीवर जाऊन सगळ्यायले सांगून आली. सारे निघाले, पंप-गिंप घेऊन."

"बरं केलंस, आई."

मग ती म्हणाली, "तुह्या बापाले काहून नाही आला वं असा निरोप?"

तिला सगळं ठाऊक होतं. खातं, कुलूप, कोतवाल, सगळं मी कितीदा तरी सांगितलं होतं. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, आणि कार्यालयात सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.