उजवा कौल आणि हिरवी फाइल

आमच्या घरात 'हो' म्हणायचं असेल तर 'उजवो' म्हणत. देवळात गुरव देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, आपलं मागणं सांगतो, आणि उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. हा कौल बाबांच्या इतका अंगवळणी पडला होता, की आईने "चाय ठेवू?" विचारलं तरी ते पेपरातून मान वर न काढता "उजवो" म्हणायचे. नकोसं जेवण असलं की "आज डावो". मीही लहानपणापासून तसंच बोलायला शिकले, आणि पुढे त्याचीच फळं भोगली.

बाबा गरीने, म्हणजे गळाने, मासे मारायचे. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली खडप, म्हणजे बुडालेले खडक, आहेत आणि त्या खडपांत तांबोशी, गोबरा असे मोठे मासे असतात. वरून नुसतं पाणी दिसतं. मग जागा ओळखायची कशी, तर किनाऱ्यावरच्या खुणांवरून. अमुक डोंगरावरचा वड आणि तमुक देवळाचा कळस एका रेषेत आले, शिवाय किल्ल्याचा बुरूज खडकाआड गेला, की तिथेच गरी सोडायची. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे अशा अकरा जागा त्यांच्याकडे होत्या, त्यांच्या वडिलांकडून आलेल्या. त्या त्यांनी कोणाला सांगितल्या नव्हत्या. आई बाजारात मासे विकायची, म्हणून तिला तर मुळीच नाही.

"पंचवीस वर्सां संसार केलंय," आई म्हणायची, "पण मासो खंय गावलो ता माका ठावक नाय. समुद्रात, इतक्याच सांगतत."

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. ते काढले, तरी लांबचं सगळं धूसरच राहिलं. होडी माझ्या चुलतभावाकडे गेली. तो कष्टाळू, पण रोज हात हलवत परत यायचा, कारण त्याला जागा माहीत नव्हत्या. बाबा त्याला सांगायला तयार नव्हते. "तेच्या तोंडात तीळ भिजना नाय. चायच्या टपरीर बसलो काय सगळ्या बंदराक कळतला." आणि दुसरीकडे बाबांना स्वतःलाच एकेक खूण आठवेनाशी होऊ लागली होती. ते न सांगता गेले तर त्या अकरा जागा जिथल्या तिथे असूनही आमच्यापुरत्या बुडणार होत्या.

तेव्हा मी कुडाळला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. पेन ड्राइव्ह गळ्यात अडकवून मिरवायचे ते दिवस. मीही मिरवायचे, अगदी एसटीतसुद्धा. घरी पडवीत कॉम्प्युटर होताच. मी बाबांना म्हटलं, तुम्ही यात लिहून ठेवा, मी असं कुलूप घालून देते की तुमच्याशिवाय कोणाला उघडणार नाही. मी त्यांचं वेगळं खातं केलं, पासवर्ड त्यांनाच घालायला लावला, मराठी अक्षरं बसवून दिली. दोन महिने ते एका बोटाने टायप करत होते. मी जवळ गेले की पंचा पडद्यावर टाकायचे.

फाइल पूर्ण झाल्यावर मी त्यांच्याच हाताने ती एन्क्रिप्ट करून घेतली. तिचं नाव हिरवं झालं, ती कुलूप बसल्याची खूण. मग मी माझ्या खात्यातून ती उघडून दाखवली, म्हणजे उघडली नाही ते दाखवलं. मशीनने मला सरळ हाकलून दिलं. बाबांना इतका आनंद झालेला मी माझ्या पदवीच्या वेळीही पाहिला नव्हता. त्यानंतर रोज मी कुडाळहून आले, की चप्पल काढायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं, "बघ गो बाय, उघडता काय ती." मी क्लिक करायचे, मशीन हाकलायचं, बाबा खूश होऊन चहाला 'उजवो' म्हणायचे.

चार महिन्यांनी कॉम्प्युटरला व्हायरस लागला. विंडोज असलेला सी ड्राइव्ह फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाबांची फाइल डी ड्राइव्हवर होती, तिला धक्का लागणार नव्हता, पण खबरदारी म्हणून पेन ड्राइव्हवर एक प्रत घ्यावी असं मी ठरवलं. ती घ्यायची बाबांनीच, कारण कुलूप त्यांचं. फाइल उचलून पेन ड्राइव्हमध्ये कशी टाकायची ते मी शिकवलं आणि स्वयंपाकघरात कोळंबी सोलायला बसले.

पडवीतून हाक आली, "गो, ह्यो कायतरी इचारता!"

काय विचारतो ते मला तिथूनच माहीत होतं. असलं कुलूप पेन ड्राइव्हवर बसत नाही. म्हणून कॉपी करताना मशीन विचारतं, की प्रत मिळेल पण कुलपाशिवाय मिळेल, चालेल का? बाबांना इंग्रजी येत नव्हतं. मी ओरडून ते मराठीत सांगितलं.

"कुलूप जातला?" बाबांचा आवाज चिरकला.

"फक्त त्या प्रतीचं जाईल! मूळ फाइलचं राहील! तुम्ही हो म्हणा!"

"उजवो?"

"हो, उजवो!" मी कोळंबीची टरफलं झटकत म्हणाले.

पडद्यावर तीन बटणं असतात. डावीकडचं म्हणजे असू दे, पुढे जा. उजवीकडचं म्हणजे रद्द. मी क्लासमध्ये पोरांना ते शंभरदा शिकवलेलं होतं. बाबांनी देवाचं नाव घेऊन उजवीकडचं दाबलं. चौकट गेली. "झाला!" बाबा म्हणाले. मी हात धुऊन आले, पेन ड्राइव्ह काढून गळ्यात घातला आणि संध्याकाळी मशीन फॉरमॅट केलं. पेन ड्राइव्हवर एकदा नजर टाकण्याची बुद्धी मला झाली नाही. दुसऱ्यांना मात्र मी त्यावरून रागवायचे.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह रिकामा. बटण डावीकडचं दाबायचं होतं, हे मी बाबांना तेव्हा सांगितलं. डी ड्राइव्हवर फाइल होती, हिरवीगार. बाबांचं खातं पुन्हा केलं, तेच नाव, तोच पासवर्ड. बाबांनी फाइलवर क्लिक केलं आणि मशीनने त्यांनाही हाकललं. किल्ली जुन्या विंडोजच्या पोटात होती आणि ती त्याच्याबरोबर गेली, हे मला त्या दिवशी कळलं. शिक्षिका मी!

"पण मी मीच आसंय ना?" बाबांनी विचारलं. "तेका सांग."

कसं सांगणार? मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ते पडवीत यायचेच बंद झाले. संध्याकाळी मी चप्पल काढायचे, तेव्हा कोणी काही विचारायचं नाही. ती फाइल आजही त्या जुन्या हार्ड डिस्कवर आहे. किल्लीवाचून तिची प्रतसुद्धा निघत नाही, म्हणून मी अख्खी डिस्कच कपाटात जपून ठेवली आहे.

आठवडाभर आईने हे सहन केलं. मग एका सकाळी ती बाजाराची टोपली डोक्यावर घेता घेता थांबली. "फायल गेली ती गेली. तुमचा तोंड खंय गेलाला? चेडवाक होडयेत घाला आणि दाखवा जागे. तेचे डोळे, तुमचा तोंड." चेडू म्हणजे मी.

"आणि होडी चालवतलो कोण?" बाबा म्हणाले. म्हणजे अडचण माझी नव्हतीच, अडचण चुलतभावाची होती.

शेवटी दोन दिवसांनी आम्ही निघालो. चुलतभाऊ इंजिनापाशी, बाबा आणि मी पुढे, माझ्या मांडीवर वही. बाबांनी युक्ती काढली होती, ते माझ्या कानात कुजबुजणार. "वड दिसता?" "दिसतो." "आता तेच्या खाली..." पुढचं इंजिनाच्या फटफटाटात गेलं. "काय?" बाबांनी पुन्हा सांगितलं. "काय?" तिसऱ्या वेळी बाबा वैतागून जीव खाऊन ओरडले, आणि नेमकं त्याच क्षणी, आपली तेवढीच मदत म्हणून, चुलतभावाने इंजिन बंद केलं.

"वडाखाली देवळाचो कळस!" सगळ्या समुद्रावर ऐकू गेलं.

चुलतभाऊ उगाच पाण्यात बघत राहिला, कान लाल झालेला. मीही वहीत डोकं खुपसलं. बाबा त्याच्याकडे वळले. त्यांना त्याचा चेहरा तरी नीट दिसत होता की नाही, कोण जाणे.

"कुलूप गेला," ते म्हणाले. मग डाव्या हाताचं बोट उचलून त्यांनी हवेत एक बटण दाबलं. "जावंदे. ह्या खेपेक डावो."

पुढच्या सगळ्या जागा त्यांनी खणखणीत आवाजात सांगितल्या. मी काय दिसतं ते सांगायचे, ते खूण जुळवायचे, चुलतभाऊ होडी फिरवायचा. नववीवर त्याने गरी सोडली आणि तांबोशी लागली, तेव्हा बाबा लहान मुलासारखे हसले. अकरावी लिहून झाली आणि मी वही मिटली.

"लिही गो," बाबा म्हणाले. "अजून एक ऱ्हवली."

"फाइलमध्ये अकराच होत्या ना?"

"व्हय."

"मग ही बारावी?"

"ती मी घातलंयच नाय." त्यांनी हात पुढे करून चुलतभावाला होडी दक्षिणेला घ्यायची खूण केली. "कुलपाक कोण सगळा सांगता?"